सासूबाईंसाठी गाळलेली पानं

५ ऑगस्ट

ही डायरी टायरवाल्याने जानेवारीत फुकट दिली होती. आजवर तिचा उपयोग गाडीत चहाचा कप ठेवण्यापुरता झाला. आज पहिल्यांदा लिहायला घेतली, कारण जे सांगायचंय ते तोंडाने कुणाला सांगण्यासारखं नाही.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. वय पन्नाशीला टेकलेलं, आवाज दणदणीत, चार लोकांत मान आहे. आणि गेल्या आठवड्यापासून रोज दुपारी मी माझ्या सासूबाईंना लांडग्यांच्या आणि रक्तपिपासूंच्या प्रेमकथा वाचून दाखवतो.

सासूबाई आमच्याकडे आल्या त्या डोळ्यांमुळे. प्रसूतिगृहात मोठ्या सिस्टर होत्या. निम्म्या शहराला त्यांनी उलटं धरून रडवलंय. आता डोळ्यांच्या पडद्याचं काहीतरी झालंय. समोर बघितलं की मधोमध काळा डाग, कडेकडेचं तेवढं दिसतं. भिंतीवरचं घड्याळ बघायचं तर तोंड दाराकडे करतात. वाचन अर्थातच बंद.

लेक शिकायला वसतिगृहात गेली, तिच्या खोलीत त्या झोपतात. शेल्फवर लेकीचे ‘धुक्याचे वारस’चे चार भाग आहेत, एकेक उशीएवढा. रेडिओला कंटाळून एक दिवस म्हणाल्या, “नात जेवण सोडून काय वाचत बसायची, ते तरी कळू दे.” बायको दिवसभर रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. दुपारी घरी असणारा मी एकटाच.

“वाचा तुम्हीच,” म्हणाल्या. “तुमचा आवाज मोकळा आहे. गाडीत ओरडून ओरडून झालेला.”

जावई माणूस नाही कसं म्हणणार?

९ ऑगस्ट

आज पंचाईत झाली. पहिल्याच भागात, शाळेच्या मागच्या जंगलात, तो लांडगा होणारा मुलगा त्या नायिकेला भिंतीला टेकवून... पुढचं पान आणि त्याच्या पुढचं पानही त्यातच. माझे कान तापले. समोर कोण, तर बायकोची आई!

मी घसा खाकरला आणि म्हणालो, “मग त्यांनी बराच वेळ गप्पा मारल्या.”

“कसल्या?” सासूबाईंनी विचारलं.

“अभ्यासाच्या.”

“लांडग्याला परीक्षा असते?”

“असते. तोंडी.”

त्या तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिल्या, म्हणून मी निर्धास्तपणे तीन पानं एकदम उलटली. सुटलो. पण नंतर हात धुताना आरशात बघवेना. बाळंतिणींच्या खोलीत आयुष्य गेलेल्या बाईपासून मी एक मुका लपवला!

२१ ऑगस्ट

पहिला भाग संपला. आणखी एक लाजेची गोष्ट: मला पुढे काय होतं ते कळल्याशिवाय चैन पडेना. आज सकाळी दोन क्लासच्या मधल्या वेळात गाडी झाडाखाली लावून दुसऱ्या भागाची चार प्रकरणं वाचली. म्हणायला ‘काय गाळायचं ते आधी बघून ठेवायला’. खरं तर तसं नाही.

इतक्यात पुढची शिकाऊ, दातांच्या डॉक्टरीणबाई, काचेवर टकटक करत्या झाल्या. मुखपृष्ठावर सदरा नसलेला मुलगा आणि पूर्ण चंद्र. मी पुस्तक सीटखाली ढकललं ते नेमकं क्लचखाली गेलं. मग काढताना त्यांनी पाहिलंच.

“मुलीचं आहे,” मी म्हणालो.

“माझ्या मुलीकडेही आहे,” त्या म्हणाल्या. “ती पाचव्या भागाची वाट बघत्येय.”

“पाचवा कधी येतोय?” हे माझ्या तोंडून इतक्या घाईने गेलं की त्या हसल्या. आता पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय.

घरी सासूबाईंची मात्र मजा चालू आहे. त्यांनी सगळ्यांना नावं ठेवलीत. नायिका म्हणजे ‘पोरटी’. मुलगा ‘आपला लांडगा’. तीनशे वर्षांचा रक्तपिपासू ‘तो फिकट’. आज म्हणाल्या, “फिकटला रक्त पाजण्यापेक्षा लोहाच्या गोळ्या द्या. माझ्या वॉर्डात असे शंभर फिकट बरे झालेत.” आणि पोरटीचा एक धाकटा भाऊ आहे, सतत खोड्या करणारा, तो ‘धाकटा’. धाकटा आला की त्या पलंगावर सरळ बसतात.

१४ सप्टेंबर

आज मी जे केलं ते लिहून ठेवतो.

चौथा भाग निम्मा झाला. मी पुढचं आधी वाचून ठेवलेलं नव्हतं, क्लास जास्त होते. धुक्याची माणसं गावात शिरतात, सगळे नदीकडे पळतात. पोरटी होडीत चढते. धाकटा तिच्या मागे उडी मारतो. होडी उलटते. मी रंगात येऊन वाचत होतो आणि डोळे तीन ओळी पुढे गेले. पाण्यावर त्याची टोपी. पोरटी हाका मारत्येय. नदीने त्याला परत दिलं नाही.

सासूबाईंचा मुलगा, माझा मेहुणा, बऱ्याच वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्यात बुडून गेला. बायकोचा धाकटा भाऊ. तसा तो आधी माझा दोस्त. त्याच्यामुळेच या घरात माझं येणं-जाणं झालं, लग्न झालं. त्याचा फोटो त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी आहे. घरात त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. असं काही ठरलेलं नाही, पण नाही बोलत.

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत माझ्या सीटसमोर दुसरा ब्रेक असतो. शिकणारा चुकला की मी दाबतो. विचार करत नाही, पाय आपोआप जातो. आज तसंच झालं. मी वाचलं, “आणि इतक्यात धाकट्याचं डोकं पाण्यावर आलं. तो पोहत काठाला लागला.”

“आला पोहून?” सासूबाईंनी विचारलं.

“आला.”

“एवढ्या थंड पाण्यातून?”

“हो. दमला, पण आला.”

त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं.” आणि, “आज एवढंच पुरे.” थकल्या असाव्यात. संध्याकाळी त्यांनी बायकोकडून नातीला फोन लावून घेतला आणि गॅलरीचं दार ओढून बोलत बसल्या. आजी-नातीचं काय ते गुळपीठ चालू असतं.

म्हाताऱ्या माणसाला उगीच कशाला दुखवायचं? मी केलं ते योग्यच केलं. मग लाज कशाची वाटत्येय ते कळत नाही.

१५ सप्टेंबर

बायकोला सांगावं म्हटलं. ती डबा भरत होती. म्हणालो, “आईंना गोष्टीत थोडं इकडेतिकडे केलेलं चालेल ना?”

“आईला? तिला खोटं दारातून कळतं. मी शाळा बुडवली की माझ्या चपला बघून ओळखायची.” मग तिने डब्याचं झाकण लावलं. “का? काय केलंस?”

“काही नाही. मुके गाळतो.”

ती इतकी हसली की पुढचं सांगायचं राहिलं.

३ ऑक्टोबर

एक जीव वाचवणं सोपं आहे, त्याला पोसणं कठीण. पुस्तकात धाकटा नदीतच आहे, पुढच्या पानांवर नुसती रडारड. ती सगळी गाळून मला त्याला रोज काहीतरी काम द्यावं लागतं. कारण सासूबाई विचारतात. पोरटीचं सोडा, लांडग्याचं सोडा, आधी तेच.

“धाकटा काय करतोय आज?”

आज सांगितलं, तो धुक्याच्या वेशीवर पहाऱ्याला बसलाय. कंटाळा आला म्हणून शीळ घालतो. दोन सूर वर, एक खाली. बुटाच्या नाड्या बांधत नाही, पोरटी ओरडते. चहात बिस्किट पडलं तर चमचा घेत नाही, बोटाने काढतो आणि बोट भाजलं म्हणून नाचतो.

“असं लिहिलंय?”

“हो,” मी म्हणालो. काय वाटेल ते सुचतं मला हल्ली.

त्या हसल्या. मग पदराने डोळे पुसले. औषधाच्या थेंबांनी पाणी येतं त्यांना.

१९ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई परीक्षेत नापास झाल्या. माझ्याकडे शिकलेलं माणूस सहसा नापास होत नाही. थांबण्याच्या पट्टीवरून गाडी सरळ पुढे नेली. परीक्षक गाडीबाहेर उभा राहून बघत होता, तो मागे उडाला.

“अहो, पट्टी दिसली नाही का?” मी विचारलं.

“दिसली ना. मला वाटलं, ब्रेक लागेल.”

त्या चिडल्याही नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, “सर, तुमचा पाय सारखा ब्रेकवर. मी चुकले कधी, ते मला आजवर कळलंच नाही. मला वाटायचं मला छान येतं.”

त्यांना पुढचे क्लास फुकट देतो म्हणालो. तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती. घरी येऊन वाचायला बसलो तर धाकट्याला काय काम द्यावं ते सुचेना. सासूबाईच म्हणाल्या, “झोपलाय म्हणा. त्याला झोप फार.”

६ नोव्हेंबर

चौथा भाग कसाबसा आटोपला. शेवटच्या प्रकरणात सगळे नदीकाठी धाकट्यासाठी दिवे सोडतात. मी ते लग्नाच्या वरातीचे केले. कुणाचं लग्न, असं विचारलं तेव्हा घाईत फिकटचं लावून टाकलं.

“बाई कोण करेल त्याला?” एवढंच म्हणाल्या.

आता लेकीचा फोन. पाचवा आणि शेवटचा भाग महिनाअखेरीला येतोय, तिने आधीच नोंदवून ठेवलाय. सुट्टीला घरी येताना घेऊन येणार. “बाबा, चौथा वाचून झाला ना? आजी रडली?”

“नाही फारशी.”

“तुम्ही?”

“मी कशाला रडतोय?”

तिने विषय बदलला. मग म्हणाली, “पाचव्याची किती वाट बघत्येय मी! आजी पण रोज विचारते.” फोनवर आजवर कसं निभावलं देव जाणे, पण तिची आणि सासूबाईंची प्रत्यक्ष गाठ पडली की माझं बिंग फुटणार. आणि एवढं असूनही, पाचव्या भागात काय होणार या विचाराने माझ्या हातून आज गिअर चुकला. शिकणाऱ्यासमोर.

२८ नोव्हेंबर

लेक आली. पुस्तक बसमध्येच वाचून संपवलं, डोळे सुजलेले. मी तिला स्टँडवरून आणायला गेलो ते मुद्दाम एकटाच. म्हटलं, रस्त्यात सगळं कबूल करावं आणि तिला गप्प राहायला सांगावं. आपल्याच पोरीला! गाडी चालू करेपर्यंत तीच बोलत सुटली.

“बाबा, धाकटा परत येतो!”

“म्हणजे मेला नव्हता?” माझ्या जिवात जीव आला.

“मेला होता हो! म्हणून तर येतो. धुक्यातून येतो. फक्त बहिणीला दिसतो. अख्खा पाचवा भाग त्याचाच आहे. शेवटी तो तिचा निरोप घेतो, नीट, जो नदीवर घ्यायचा राहिला होता. बाबा, मी बसमध्ये इतकी रडले की शेजारच्या काकूंनी मला पाणी दिलं.”

मी गाडी बाजूला घेतली. तिला वाटलं, टायर बघायचाय.

म्हणजे मी केलं काय? सासूबाईंनी चार भाग ज्याची वाट बघितली, तो त्यांच्याकडे निरोप घ्यायला येणार होता, आणि मी त्याचा रस्ताच बंद करून ठेवला. जो गेलाच नाही तो परत कसा येणार? दया केली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. दया कसली, मी त्यांच्या ताटातलं काढून घेतलंय.

लेकीला यातलं काही सांगू शकलो नाही. तीही विचित्र बघत होती माझ्याकडे. घरी पोचल्यावर आजीच्या गळ्यात पडली आणि धाकट्याचं नावही काढलं नाही. कसा कोण जाणे, वाचलो.

३० नोव्हेंबर

आज रविवार, सगळ्या घरात. दुपारी लेक मैत्रिणीकडे गेली, बायको मागे भांडी घासत होती, आणि सासूबाई पलंगावर तयार होऊन बसल्या होत्या. चष्मा लावून. चष्म्याचा काही उपयोग नाही, पण नवा भाग म्हणून लावला असणार.

मी बेत केला होता. पाचव्याच्या सुरुवातीलाच धाकट्याला मारायचं. मधल्या काळात ताप आला, गेला. चार वाक्यांत. मग पुढचं पुस्तक जसंच्या तसं वाचता येईल आणि कुणाला काही कळणार नाही. वाक्यं गाडीत तीनदा म्हणून बघितली होती.

पुस्तक उघडलं. “त्या हिवाळ्यात धाकट्याला ताप आला,” मी म्हणालो. पुढचं वाक्य येईना. पुन्हा सुरुवात केली. “त्या हिवाळ्यात...” आणि मी, पन्नाशीचा माणूस, सासूसमोर हुंदका देऊन बसलो.

त्या खिडकीकडे बघत होत्या.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “एकदा वाचवलंत, आता तुमच्याच हाताने मारू नका. चौथा भाग काढा. नदीचं प्रकरण.”

मी पुस्तक मिटलं. “आई, तुम्हाला...”

“अहो, मी जन्मभर बाळंतपणाच्या खोलीच्या दाराशी उभी होते. आत काहीतरी बिनसलं की बाहेर नातेवाइकांशी बोलताना डॉक्टरांचा आवाज कसा होतो, ते मला माहिती आहे. त्या दिवशी तुमचा तसा झाला. मग नातीला विचारलं. तिला म्हटलं, बाबाला बोलू नकोस.”

“मग तुम्ही थांबवलं का नाही?”

“कशाला थांबवू? रोज दुपारी तो घरी यायचा.” त्यांनी चष्मा काढून ठेवला. “बोटाने बिस्किट काढायचा. लेखकाला कसं कळलं हो ते?”

मला खरंच त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं. शीळ, नाड्या, बिस्किट, सगळं माझ्या दोस्ताचंच. मला वाटलं होतं, मला सुचतंय.

“तुम्ही कधी बोलला नाहीत त्याच्याबद्दल,” सासूबाई म्हणाल्या. “तुमचा एवढा दोस्त. मला वाटायचं, विसरलात. कधीकधी राग यायचा मला तुमचा.”

“मला वाटलं, तुम्हाला त्रास होईल.”

“मला?” एवढंच म्हणाल्या.

खाली मान घालून बसलो. सगळी लाज एकदम आली, मुक्यांपासूनची. इतकी वर्षं मी म्हणत आलो की त्यांच्यासाठी गप्प आहे.

“काढा चौथा,” त्या म्हणाल्या. “मरू द्या त्याला. मेल्याशिवाय परत कसा येईल? आणि या वेळी गाळायचं नाही. मुकेसुद्धा.”

“तेही कळलं होतं?”

“तीन पानांच्या तोंडी परीक्षा असतात का? मला मधलं दिसत नाही, जावईबापू. कडेचं दिसतं.”

मग मी वाचलं. होडी, उडी, टोपी, हाका. काही गाळलं नाही. मध्ये दोनदा थांबलो, त्यांनी घाई केली नाही. नदीने त्याला परत दिलं नाही, ते वाक्यही वाचलं. त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या मनगटावर ठेवला, नाडी बघतात तसा. दिव्यांचं प्रकरणही वाचलं, वरात न करता. फिकटचं लग्न मोडलं.

मग पाचवा. धुकं दारापर्यंत येतं आणि धाकटा पोरटीच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा असतो, बुटांतून पाणी गळतंय. तो काही बोलत नाही. नुसता उभा.

“शीळ घालतो का?” सासूबाईंनी विचारलं.

मी पान वरपासून खालपर्यंत बघितलं. “नाही. पुस्तकात नाही.”

“मग तेवढी घाला. तेवढं चालेल.”

मला शीळ कधी जमली नाही. तोच हसायचा मला त्यावरून. ओठ कोरडे पडले होते, पहिल्यांदा नुसती हवा गेली. मग आली कशीबशी. दोन सूर वर, एक खाली.

मागे भांड्यांचा आवाज थांबला. बायको साबणाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत फाटकाबाहेरून ती शीळ आली नव्हती.

“पुन्हा,” ती म्हणाली.

मी पुन्हा घातली. सासूबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं, म्हणजे त्या आम्हा दोघांकडे बघत होत्या.